बसून बघणाऱ्या मावशी

त्या कारखान्यात खुर्चीवर बसायचा मान एकट्या मावशींचा होता. बाकी सगळे उभे. मिस्त्री दुपारचा डबा खायचे ते उपड्या खोक्यावर बसून, पॉलिशवाला पोटमाळ्याच्या शिडीवर टेकायचा, आणि ज्यांच्या नावाने त्या खुर्च्या लांब लांब जायच्या ते भाचेबुवा दिवसभर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालायचे. चहूकडे खुर्च्याच खुर्च्या, पण बूड टेकायचं म्हटलं की सगळ्यांची पंचाईत. एखादा नवा माणूस चुकून तयार खुर्चीवर टेकलाच, तर मिस्त्री असे काही ओरडायचे की तो बिचारा पुढे आठवडाभर घरीसुद्धा विचारून बसत असेल.

जागा पूर्वी छापखान्याची होती. खिडक्या उंच, फरशीवर शाईचे डाग अजून तसेच. एका बाजूला मिस्त्रींचा ठोकळा आणि रंधे, दुसऱ्या बाजूला मावशींचं लांब टेबल. त्यावर फोमच्या पाट्या, काथ्याचे गठ्ठे, कॅनव्हासचे पट्टे आणि चंद्रकोरीसारखी वाकडी सुई. त्या सुईला मावशी दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

भाचेबुवांच्या खुर्च्यांबद्दल काय सांगावं! एक होती वाळून गुंडाळत गेलेल्या पानासारखी. एक मागून बघितली तर कोणीतरी हाताची घडी घालून पाठमोरं उभं आहे असं वाटायचं. एका बाकाला सरळ रेघ म्हणून औषधाला नव्हती. बघणाऱ्याला कळायचंच नाही की याच्यावर बसायचं, की याला लांबूनच नमस्कार करायचा. पण भाचेबुवांचं म्हणणं एकच. खुर्ची दिसायला शिल्पासारखी पाहिजे, आणि माणूस तिच्यात बसला की ती दिसते कशी हे त्याने साफ विसरलं पाहिजे. पहिल्या अर्ध्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. दुसरा अर्धा त्यांनी मावशींच्या हवाली केला होता.

याची सुरुवात फार जुनी. भाचेबुवा शिकत होते तेव्हा त्यांच्या पुस्तकांत एका सरासरी माणसाची मापं दिलेली असायची. गुडघा इतक्या उंचीवर, पाठ इतकी, मांडी इतकी. त्या मापांवर त्यांनी पहिली खुर्ची केली आणि कौतुकाने मावशींना बसवलं. मावशी तेव्हा घरोघरच्या सोफ्यांची कुशनं शिवून द्यायच्या. त्या बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "दिसते छान रे, पण परक्या घरी पाहुणी म्हणून आल्यासारखं वाटतंय."

भाचा हसला. "सरासरी माणूस मी काही कधी पाहिलेला नाही," तो म्हणाला. "तुला रोज बघतो. आता तूच माझं माप."

तेव्हापासून तोच कायदा झाला. खुर्ची तयार झाली की मावशी हात धुऊन यायच्या, चष्मा काढून खिशात ठेवायच्या आणि बसायच्या. त्या बसल्या की यंत्रं बंद. करवत बंद, घासायचं मशीन बंद, पॉलिशवाल्याचा रेडिओ बंद. बाजूला ठेवलेला चहा निवेपर्यंत मावशी डोळे मिटून बसून राहायच्या आणि मग बोलायच्या. "पाठ बरी आहे. पुढची कड मांडीला लागते. उजवीकडे थोडं दबतंय." मग त्या स्वतःच कापड उसवायच्या, काथ्या भरायच्या, काढायच्या, पुन्हा बसायच्या. "बसलेय हे कळत नाही आता," असं त्यांनी म्हटलं की खुर्ची पास. त्यानंतर ती दुसऱ्या कोणाच्या बुडाखाली जायची ती थेट गिऱ्हाइकाच्या घरीच.

मावशी चुकायच्याच नाहीत असं मात्र कोणी समजू नये. हाताची घडी घातलेली ती खुर्ची पहिल्यांदा बघून त्या म्हणाल्या होत्या, "हिच्यावर ओले टॉवेल टाकायचे का?" पुढे तीच खुर्ची एका प्रदर्शनात मधोमध मांडली गेली आणि लोक तिच्याभोवती गोल फिरून बघत राहिले. मावशीही गेल्या होत्या बघायला. त्या शेजारच्या बाईला ऐटीत म्हणाल्या, "आत काथ्या मी भरलाय."

या ऐटीचं कारण सांगायला हवं. मावशींचं सगळं आयुष्य दुसऱ्यांना "बसा, बसा" म्हणण्यात गेलं होतं. सासरी माणसं फार आणि खुर्च्या कमी. सगळे बसले, सगळ्यांचं झालं, की मग त्या ओट्याला टेकून उभ्याउभ्याच चार घास खायच्या. आणि इथे त्या बसल्या की यंत्रं थांबत होती. अख्खा कारखाना श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. माणसाला आयुष्यात असं काही एखादंच मिळतं, आणि मावशी ते जिवापाड जपत होत्या.

मिस्त्रींशी त्यांचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. मिस्त्री कारागीर नंबरी, पण आपल्या हातून चूक होते ही गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती. खण अडकला तर दोष हवेचा. पाय डुगडुगला तर दोष फरशीचा. एकदा त्यांनी बसवलेलं दार उलट्या बाजूला उघडलं, तेव्हा तुमची भिंतच चुकलीय हे त्यांनी घरमालकाला पटवून दिलं होतं, आणि तो बापडा गवंड्याला बोलवायला निघालाही होता. मावशी म्हणायच्या, "मिस्त्री, एकदा तरी चुकलो म्हणा. तोंडाला काय फोड येणार आहे?" मिस्त्री रंधा मारता मारता म्हणायचे, "चुकलो की म्हणीन."

तर असं सगळं छान चाललं होतं. फक्त गेली काही वर्षं मावशींचा उजवा खुबा दुखत होता.

घरी हे फक्त यजमानांना माहीत. गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेले, दिवसभर शब्दकोडी सोडवणारे. संध्याकाळी ते तेलाची वाटी कोमट करून आणायचे.

"डॉक्टरकडे चल," ते म्हणायचे.

"ते म्हणणार, विश्रांती घ्या."

"मग घे की."

"अहो, माझं कामच बसायचं. बसायच्या कामातून विश्रांती घ्यायची म्हणजे काय उभी राहू?"

"भाच्याच्या कानावर घातलंत तर बघा," मावशी बजावायच्या, आणि यजमान मूग गिळून गप्प बसायचे.

अशातच ते मोठं काम आलं. एका कलादालनाला चित्रांसमोर ठेवायला लांबलचक बाक हवा होता. भाचेबुवांनी वळणं घेत जाणाऱ्या वाटेसारखा बाक काढला, आणि त्यात माणसागणिक एक हलका खळगा. मिस्त्रींनी लाकूड असं वळवलं की बघत राहावं. मावशी एकेका खळग्यात बसल्या, भरलं, काढलं, पुन्हा बसल्या. काम झालं तेव्हा दालनाच्या बाईंनी फोनवर इतकं कौतुक केलं की पुढच्या दालनातल्या खांबाभोवतीची गोल बैठकही तुम्हीच करा म्हणाल्या.

आणि मग त्याच बाईंचा दुसरा फोन आला.

"बाक दिसतो अप्रतिम," बाई म्हणाल्या. "पण बसलेली माणसं घसरतात हो. सगळी उजवीकडेच. काल एक आजोबा चित्र बघता बघता शेजारच्या अनोळखी बाईंच्या खांद्यावर झोपी गेले. त्या बाई तिसऱ्याच माणसावर कललेल्या. एक जोडपं भांडून आलं होतं, त्यांचं तेवढं जमलं. पण बाकीच्यांचं काय करू?"

भाचेबुवांच्या तोंडचं पाणी पळालं. ते स्वतः गोल बैठकीच्या आराखड्यात बुडालेले, म्हणून त्यांनी मिस्त्रींना पाठवलं. मिस्त्री पाणसळ, म्हणजे लाकूड सपाट आहे का ते दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, पिशवीत टाकून गेले आणि दुपारी परत आले. मावशी टेबलाशी कापड बेतत होत्या. आता दालनाची फरशी चुकलीय असं ऐकायला मिळणार, म्हणून त्या हसू दाबून कान टवकारून उभ्या राहिल्या.

मिस्त्रींनी पिशवी खुंटीला अडकवली. "माझी चूक आहे," ते म्हणाले. "पाय कमीजास्त झालेत."

पॉलिशवाल्याच्या हातातला बोळा खाली पडला.

"कमीजास्त?" भाचेबुवांचा विश्वास बसेना. "सगळ्या बाकाचे? मिस्त्री, तुमचे पाय?"

"वय झालं. नजर पूर्वीसारखी राहिली नाही."

भाचेबुवा वाईट माणूस नव्हेत, पण त्या दिवशी ते फार घाबरलेले होते. घाबरलेला माणूस बोलू नये ते बोलतो. ते म्हणाले, गोल बैठक बिघडली तर आपलं नाव जाईल. त्यापेक्षा लाकडाचं काम यंत्रावर कापून देणाऱ्या दुसऱ्या कारखान्याला देऊ. मिस्त्रींनी इथे दुरुस्त्या बघाव्यात. मिस्त्री "बरं" म्हणाले. वाद नाही, आवाज नाही. ते खोक्यावर जाऊन बसले आणि पटाशीला धार लावू लागले.

खरं सांगायचं तर मावशींना आधी आनंद झाला. इतक्या वर्षांनी मिस्त्री चुकलो म्हणाले होते! "बघा, आला का तोंडाला फोड?" त्या जाता जाता म्हणाल्यासुद्धा. मिस्त्रींनी वर पाहिलं नाही. त्या बाहेर पडल्या, पण तो आनंद काही कोपऱ्यापर्यंतही टिकला नाही. कुठेतरी काहीतरी बोचत होतं. जो माणूस भिंतीला दोष देतो, पण स्वतःला देत नाही, तो इतक्या सहज कसा चुकला?

कोपऱ्यावरच्या बंद दुकानाला दगडी पायरी होती. हल्ली घरी जाताना मावशी तिथे खुबा सैल करायला टेकायच्या. आजही टेकल्या. विचार करता करता सवयीने डोळे मिटले, आणि सवयीनेच अंग बोललं, डावीकडे खाली जातंय. जरा भरायला हवं.

मावशींना हसू आलं. दगडात काय काथ्या भरणार?

मग त्यांचं हसू थांबलं. दगड दबत नाही.

त्या उठल्या. पुढे औषधांच्या दुकानाबाहेर लोखंडी बाक होता, त्यावर बसल्या. डावीकडे खाली. बेकरीवालीकडे पावासाठी थांबल्या, तिच्या स्टुलावर बसल्या. डावीकडे खाली. "मावशी, बरं वाटत नाही का?" तिने विचारलं, तर तिला काहीतरी सांगून त्या सटकल्या. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या, मग पलंगाच्या कडेवर, मग उंबऱ्यावर. अख्खं गाव काही एका बाजूला कललं नव्हतं. कललेल्या त्या होत्या. उजवा खुबा दुखतो म्हणून त्या सगळा भार डावीकडे टाकत होत्या. डावी बाजू दबायची, म्हणून त्या तिथे भरत होत्या, आणि सरळ बसणारं माणूस मग उजवीकडे घरंगळत होतं. लाकूड पाणसळीत होतं. मिस्त्रींनी पाणसळ लावली असणार, हाताने दाबून पाहिलं असणार, आणि त्यांना तिथल्या तिथे कळलं असणार की हे कोणाच्या हातचं आहे.

"अहो," त्यांनी यजमानांना विचारलं, "मी बसते कशी? वाकडी दिसते का?"

यजमानांनी शब्दकोड्यातून मान वर केली. "डावीकडे कलतेस. बरेच दिवस झाले."

"मग सांगितलं का नाही?"

"सोफ्यावर माझी जागा डावीकडे," यजमान म्हणाले. "मला वाटलं, तुला माझ्याकडे कलायला आवडत असेल."

एरवी मावशी यावर लाजल्या असत्या, नाहीतर खेकसल्या असत्या. आज त्या मनाशी उलटसुलट हिशेब करत बसल्या. सांगितलं, तर आपलं बसणं संपलं. वाकडं माप कोण ठेवेल? उरेल फक्त कोपऱ्यातलं टेबल आणि शिवणकाम, आणि यंत्रं आपल्यासाठी थांबणार नाहीत. न सांगितलं, तर मिस्त्री जन्मभर दुसऱ्यांच्या दुरुस्त्या करत बसतील. त्या जेवल्या नाहीत. यजमानांनी तेलाची वाटी आणली, तीही त्यांनी परत पाठवली.

सकाळी त्या गेल्या तेव्हा मिस्त्री एकटेच होते. पटाश्या कापडात गुंडाळून ठेवत होते.

"मिस्त्री, खोटं कशाला बोललात?"

"कसलं खोटं?"

"पाय कमीजास्त झाले म्हणे! तुमच्या हातून? मी काय काल जन्मले?"

मिस्त्रींनी गुंडाळीची दोरी बांधली. "मला कुठेही काम मिळेल," ते म्हणाले. "यंत्रवाल्यालाही घासूनपुसून द्यायला माणूस लागतोच. तुम्ही कुठे जाल? बसण्यापायी तर तुम्ही इथे पाऊल टाकता. खुबा धरून उठता ते मी काय बघत नाही?"

"आणि तुमचं नाव?"

"माझ्या नावाला काय धाड भरलीय! बोलू नका तुम्ही. मालक येतील, नमुना ठेवतील, तुम्ही बसा नि पास म्हणा. पुढच्या वेळी उजवीकडे मी गुपचूप भरत जाईन."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसाशी इतकी वर्षं उभा दावा मांडला, तो हे बोलत होता. "म्हणजे मी वाकडी बसणार आणि तुम्ही चोरून सरळ करणार. वा रे कारखाना!" असं म्हणून त्यांनी नाक पुसलं.

तेवढ्यात भाचेबुवा गोल बैठकीचा एक नमुना घेऊन आले. आंब्याच्या फोडीसारखा एकच तुकडा, त्यावर मावशींनीच आदल्या दिवशी भरलेली गादी. त्यांनी तो मधोमध ठेवला. पॉलिशवाल्याने रेडिओ बंद केला, मशीन थांबलं.

"मावशी, बस."

मावशी बसल्या नाहीत. "आज तू बस," त्या म्हणाल्या.

"मी?" भाचेबुवा गोंधळले. स्वतःच्या खुर्चीवर बसायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

"बस म्हणते ना."

ते बसले. थोडा वेळ गेला आणि त्यांचा एक हात आपसूक उजव्या बाजूला आधाराला गेला.

"कुठे घसरतोस?"

"उजवीकडे."

"मिस्त्री, पाणसळ लावा."

"राहू द्या हो," मिस्त्री म्हणाले.

"लावा!"

मिस्त्रींनी नाइलाजाने लाकडावर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर येऊन थांबला.

"लाकूड सरळ आहे," मावशी म्हणाल्या. "बाकाचंही सरळच होतं. वाकडी मी आहे. माझा खुबा गेलाय रे. मी एका कुशीवर बसते, आणि तसंच भरते. या माणसाने माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतलंय."

"कोणी सांगितलं होतं बोलायला?" मिस्त्री एकदम कडाडले. "गप्प बसवत नाही या बाईला! एकदा, आयुष्यात एकदा चुकलो म्हणालो, तेही खरं ठरू देत नाहीत!"

भाचेबुवा जागचे हलले नाहीत. त्यांची नजर भिंतीशी रांगेत उभ्या असलेल्या खुर्च्यांवरून फिरत गेली. "केव्हापासून?" ते पुटपुटले. "अशा किती खुर्च्या गेल्या असतील?"

हे ऐकून मावशींचा जीव अर्धा झाला. घरात खुर्ची एकटी असते. माणूस तिच्यात कललं तर स्वतःला दोष देतं, नाहीतर फरशीला. म्हणूनच आजवर कोणी तक्रार केली नव्हती. किती घरांत किती माणसं आपल्यापायी अवघडून बसली असतील, असं त्यांच्या मनात आलं. भाचेबुवा उठले आणि बाहेर निघून गेले. मावशी आपल्या टेबलाशी गेल्या, वाकडी सुई घेतली आणि नमुन्याची शिवण उसवायला लागल्या. टाका सुटत नव्हता. संपलं आपलं, असं त्यांना वाटलं.

भाचेबुवा परत आले ते बेकरीवालीला घेऊन. पाठोपाठ औषधाच्या दुकानातला उंच माणूस, आणि समोरच्या शाळेतल्या एक बाई, पोट चांगलंच पुढे आलेलं, दिवस भरत आलेले. "बसा," भाचेबुवा त्यांना म्हणाले, "आणि खरं सांगा." लोक बसले, उठले, पुन्हा बसले. उंच माणसाचे गुडघे वर यायचे, बेकरीवालीचे पाय टेकायचे नाहीत, शाळेतल्या बाईंना पाठीत उशी हवी होती. जो तो वेगळंच सांगत होता, आणि मागून बघायला आलेले बरेचसे तर "छान आहे" म्हणून मोकळे होत होते. सगळा गोंधळ. सगळे गेल्यावर भाचेबुवांनी मिस्त्रींपुढे हात जोडले, तर मिस्त्रींनी ते झटकून खाली केले. "बैठक मीच करणार," ते म्हणाले, "आणि यंत्रवाल्याला कळवून टाका." बास, माफीचा कार्यक्रम तिथेच आटोपला.

बाक परत आला, पुन्हा भरला गेला, परत गेला. दालनाच्या बाईंचा फोन आला की आता माणसं सरळ बसतात, थोडी कंटाळवाणी झाली आहेत इतकंच. गोल बैठकीलाही मिस्त्रींनी हात घातला. कारखान्यात आता रोज कोणी ना कोणी बसायला यायचं, आणि इतक्या लोकांसाठी कुठे यंत्रं बंद करत बसायचं? करवत चालू, रेडिओ चालू, लोक बसतायत, उठतायत. मावशी कोपऱ्यात शिवत असायच्या. कोणी त्यांना काही कमी केलं नव्हतं. मजुरी तीच, मान तोच, चहा आधी त्यांनाच मिळायचा. पण इतक्या गडबडीत मावशींना एकटं वाटायचं. ते त्या कोणाला सांगत नसत. सांगणार तरी काय? माझ्यासाठी करवत थांबवा?

एका संध्याकाळी बाहेरची माणसं गेल्यावर भाचेबुवांनी स्वतः जाऊन मशीन बंद केलं. करवत बंद केली. पॉलिशवाल्याने न सांगता रेडिओ बंद केला. भाचेबुवांनी भिंतीपासची एक खुर्ची ओढून मधे आणली.

"मावशी, बस."

"आता कशाला?" मावशी म्हणाल्या. "माझ्या बसण्यावर कोणी जाऊ नये, हे ठरलंय ना?"

"बस तर खरी."

मावशींनी सुई खोचली. टेबलाला धरून उठल्या, हात धुतले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि बसल्या. डोळे मिटले. शांतता इतकी की फळीवर ठेवलेल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. इतके दिवस ही शांतता ऐकायला आपले कान आसुसले होते, हे त्यांना तेव्हा कळलं.

"पाठ बरी आहे," त्या म्हणाल्या. "पुढची कड मऊ आहे. डावीकडे मला खाली वाटतंय, पण ते धरू नकोस, ते माझं. हातांना..."

"खुर्चीचं नको सांगू," भाचा म्हणाला. "तुझं सांग."

मावशींनी डोळे उघडले. चष्म्याशिवाय त्यांना भाच्याचा चेहरा धूसर दिसत होता. मागे मिस्त्री रंधा हातात धरून उभे होते. इतकी वर्षं त्या बसल्या आणि सगळ्यांनी श्वास रोखून विचारलं ते खुर्चीबद्दल. त्यांनीही सांगितलं ते खुर्चीबद्दलच.

"माझं काय सांगायचं?" त्या म्हणाल्या.

कोणी हललंही नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत थांबले होते.

"उजवा खुबा," मावशी सांगू लागल्या. खुर्चीबद्दल सांगायच्या त्याच आवाजात, तितकंच नेटकं. "अगदी आत. बसताना कमी. उठताना कळ येते ती गुडघ्यापर्यंत. जिना चढताना पाय उचलत नाही. झोपेत कूस बदलली की जाग येते, मग..."

पुढे त्यांना नेटकं बोलता येईना. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"दुखतं रे," मावशी म्हणाल्या. "फार दुखतं."